नियम एकशे चौसष्ट

१

सकाळी दहाच्या सुमारास नियमबाईंच्या हातातला चहा हातातच राहिला. समोर सुतार मिस्त्रीची फाईल उघडी होती आणि तिच्यात एक असं पान होतं, ज्याचा मागमूसही आठवड्यापूर्वी कचेरीने फाईलवरून केलेल्या टिपणात नव्हता.

बाई मुदतपूर्व सुटका मंडळाच्या सचिव होत्या. तुरुंगाच्या नियमांचं जाडजूड पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. कैद्याला महिन्याला किती पत्रं, कोठडीच्या खिडकीला किती गज, आजाऱ्याला किती दूध, काहीही विचारा, बाई नियमाच्या आकड्यासकट सांगत. लोक पाठीमागे त्यांना नियमबाई म्हणत आणि बाईंना ते ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतही असे.

मंडळ आज चार वाजता बसणार होतं. मिस्त्रीचं प्रकरण म्हणजे हातचा मळ, असं बाई धरून चालल्या होत्या. चौदा वर्षांपूर्वी रागाच्या भरात त्याने भागीदाराच्या डोक्यात हातोडा घातला होता. माणूस जागीच गेला. त्यानंतर चौदा वर्षांत त्याच्या वर्तनाच्या पानावर एकही वाकडा शेरा नव्हता. थोरल्या बहिणीने त्याला सांभाळायची हमी लिहून दिली होती. बहीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची, आणि दुसरं कुणीच नातेवाईक नाही.

आणि आता हे पान. बाईंनी ते पुन्हा वाचलं. सात महिन्यांपूर्वीची तारीख होती. 'कैद्याकडे सुतारशाळेतील पटाशी घासून केलेले पाते सापडले. पाते मोडून नष्ट केले. नियम १६४ अन्वये सात ते नऊ तारखेपर्यंत एकांत कोठडी. कोठडीपूर्वी वजन ६१ किलो, कोठडीनंतर ६० किलो.' खाली आधीच्या जेलरची सही. ते जेलर तीन महिन्यांपूर्वी हृदयविकाराने गेले होते, म्हणजे विचारायची सोय नाही.

आकडा वाचून एरवी बाई हसल्या असत्या. शिक्षेचा नियम १४६. १६४ आहे कैद्यांचे केस कापण्याबद्दल. कारकून शाईकाकांनी आकडे उलटसुलट केले असणार, असं म्हणून त्यांनी पेन्सिलीने समासात खूण केली आणि पुढे गेल्या.

हसण्याची वेळच नव्हती. गेल्या बारा महिन्यांत मोठी शिक्षा झाली असेल तर प्रकरण मंडळापुढे ठेवताच येत नाही. पुढचं मंडळ दोन वर्षांनी. तोवर बहीण राहिली नाही, तर हमी द्यायला कुणी नाही, आणि हमी नाही तर सुटका नाही. एका पानावर म्हाताऱ्याचं उरलेलं आयुष्य अडकलं होतं.

त्यांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं. त्रेसष्ट वर्षांचा, वाळलेला, भुवयांवर लाकडाचा भुसा. बाईंनी नोंद वाचून दाखवली. 

"मॅडम, कोठडीची सगळी दारं मी बसवलीत," तो म्हणाला. "पण बाहेरून. आतून ती कशी दिसतात, मला माहीत नाही."

"खोटं बोललास तर मी काही करू शकणार नाही."

"मी माणूस मारला, ते पहिल्या दिवशीच कबूल केलं. पटाशीसाठी कशाला खोटं बोलू?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांची खात्री पटली. पण मंडळापुढे खात्री चालत नाही, पुरावा लागतो. हातात पाच तास होते आणि पान खोटं असेल, तर ते लिहिणारा याच भिंतींच्या आत बसलेला होता.

२

फाईलींचं कपाट शाईकाकांच्या ताब्यात होतं. तीस वर्षांचे कारकून, दौतीतल्या शाईशिवाय लिहायचं नाही हा हट्ट, त्यामुळे बोटं कायमची निळी. सहा महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते, आणि तुरुंगात कुणाचंही चांगलं होताना पाहिलं की त्यांच्या पोटात दुखायचं, असं लोक म्हणत.

"हे तुम्ही लिहिलंत?" बाईंनी पान पुढे केलं.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "बॉलपेन आहे हे. मी मेलो तरी बॉलपेन धरणार नाही."

"पण कपाट तुमचं."

"कपाट माझं, किल्ली खुंटीची. जो येतो तो काढतो. मी ओरडून ओरडून थकलो. त्या मिस्त्रीवर माझा काय राग असणार? मी निवृत्त होणार म्हणून मला खुर्ची करून देतोय तो. अजून एक हात बसायचा राहिलाय."

"म्हणजे तो सुटला तर खुर्ची अर्धीच राहील."

काका लालेलाल झाले. "एका खुर्चीसाठी मी माणूस आत ठेवीन? तुम्हाला तसं वाटत असेल तर लिहा मंडळाला."

बाई उत्तर देणार तेवढ्यात छोटे जेलर आत आले. छोटे जेलर म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. सहा महिन्यांपूर्वी इथे रुजू झाला होता. बाईंनी स्वतःच त्याला या नोकरीकडे वळवलं होतं. घरी मावशी, कचेरीत मॅडम, हा नियमही बाईंचाच.

"मॅडम, मिस्त्रीला सकाळी सकाळी कशाला बोलावलंत?"

"आज त्याचं प्रकरण आहे."

"आज? पण तो यादीत नव्हता."

"गेल्या आठवड्यात यादी वाढवली वरून. चौदा वर्षं झालेले सगळे घेतले."

तो खिडकीपाशी गेला, बाहेर बघून परत आला. "मी काही मदत करू का? फोरमनला विचारा तुम्ही. त्याचा हा हुकमी कारागीर. असा माणूस कोण सोडेल?"

बाईंना ते पटलं. भाचा हुशार निघाला, याचं त्या धावपळीतही त्यांना बरं वाटलं. त्या सुतारशाळेकडे निघाल्या. मागे काका म्हणाले, "मॅडम, त्या पानात आणखी एक गोष्ट खटकतेय मला. पण काय ते आठवत नाहीये."

३

सुतारशाळेत रंध्यांचा आवाज चालू होता. फोरमन आडदांड माणूस, आवाज त्याहून मोठा. त्याने आडपडदा ठेवलाच नाही.

"हो, मला तो जायला नकोय. त्याच्यासारखा सांधा दुसरा कुणी जोडत नाही. तो गेला की मी या बाकीच्यांना घेऊन काय करू? यांना खिळा कुठल्या बाजूने ठोकायचा ते शिकवायला वर्ष जाईल. आता सांगा, यासाठी मला फासावर देणार का?"

"पटाशी घासून पातं केलं, असं लिहिलंय."

"कुणी? त्याने? मॅडम, पटाशीला गंज लागला तरी त्याचा जीव वर-खाली होतो. घासून पातं करील तो?" फोरमनने भिंतीवरच्या फळीकडे बोट केलं. तिथे प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली होती आणि त्या त्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं होतं. खालच्या ओळीत एक आकृती रिकामी होती.

"ही पटाशी कुठे गेली?"

"ती मी इथे यायच्याही आधीपासून नाही. जुने जेलर म्हणायचे, बघू, बघू, आणि मोजणीत तेच सांभाळून घ्यायचे. पुढच्या महिन्यात वार्षिक मोजणी आहे, तेव्हा बोंब होणारच होती. पण चार दिवसांपूर्वी यादीच दुरुस्त होऊन आली. 'एक पटाशी नष्ट' म्हणून. मी म्हटलं, सुटलो."

"यादी कुणी दुरुस्त केली?"

"कचेरीतून आली. मी कशाला विचारू?"

 म्हणजे पान मिस्त्रीच्या वैरापायी लिहिलेलं नव्हतं. हरवलेली पटाशी कागदावर ठिकाणी लावायला कुणाला तरी एक गुन्हेगार हवा होता.

जाता जाता त्यांनी सहज विचारलं, "सात महिन्यांपूर्वी, सात ते नऊ तारखेला, मिस्त्री इथे कामाला होता का?"

फोरमनने कामाची वही काढली आणि थुंकी लावत पानं उलटली. "एक तारखेपासून सोळापर्यंत रोज होता. हे बघा. वजनकाट्याची फळी मोडली होती, पाच तारखेपासून बारापर्यंत तो काटा इथेच होता. मिस्त्रीनेच नवी फळी बसवली."

"कुठला वजनकाटा?"

"कैद्यांचा. एकच तर आहे."

बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. एकसष्ट किलो, साठ किलो. ज्या काट्यावर मिस्त्रीला तोललं म्हणून लिहिलं होतं, तो काटा त्या दिवशी सुट्या भागांत मिस्त्रीच्याच पुढ्यात पडला होता.

४

शाईकाका दाराशीच उभे होते.

"आठवलं, मॅडम. वजन."

"काटा दुरुस्तीला होता. कळलं मला."

"ते राहू द्या. काटा जागेवर असताना तरी कोण लिहितं? तीस वर्षांत कोठडीआधीचं आणि नंतरचं वजन मी एकदाही लिहिलेलं नाही. पुस्तकात आहे, पण इथे कुणी करत नाही. रकाना कोराच असतो. जुन्या जेलरांना तर असा रकाना आहे हेच माहीत नव्हतं." काका जरा ओशाळले. नियमबाईंपुढे हे सांगणं सोपं नव्हतं. "आणि नियमाचा आकडाही आम्ही टाकत नाही. 'शिस्तभंग' लिहितो आणि मोकळे होतो."

बाईंनी पान टेबलावर पसरलं. इतका वेळ त्या चूक शोधत होत्या. या पानाची खोड अशी, की ते फार बरोबर होतं. इथल्या मुरलेल्या माणसाने ते इतकं नेटकं लिहिलंच नसतं. हे लिहिणारा पुस्तक वाचून आला होता. पण पुस्तक वाचलेला माणूस नेमका नियमाच्या आकड्यात का चुकेल?

आणि मग त्यांनी समासातली पेन्सिलीची खूण पुन्हा पाहिली.

दीड वर्षापूर्वी त्या नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण शाळेत शिकवत होत्या. टिपणं त्यांनी स्वतः टाइप केली होती. परीक्षेचे पेपर तपासताना बघतात तो चाळीसच्या चाळीस मुलांनी शिक्षेचा नियम १६४ असा लिहिलेला. त्यांनी आपली टिपणं काढून पाहिली. बोट घसरलं होतं. नियमबाईंचं बोट घसरलं होतं. त्यांनी चाळीसही मुलांना पूर्ण गुण दिले आणि कुणालाच काही सांगितलं नाही. लाज वाटली होती, दुसरं काय. पुढे त्यांची इथे बदली झाली आणि ती गोष्ट त्यांनी मनातून पार पुसून टाकली. म्हणून तर सकाळी आकडा पाहिल्यावर त्यांनी खापर शाईकाकांवर फोडलं होतं.

त्या चाळीस मुलांपैकी या तुरुंगात एकच जण होता. कोठडीआधी वजन घ्या, नंतर घ्या, न चुकता लिहा, हे त्याला बाईंनीच घोकून घोकून शिकवलं होतं.

घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती.

५

भाच्याच्या टेबलावर सगळं जागच्या जागी होतं. बाईंनी दार लावून घेतलं आणि पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती.

"चार्ज घेताना हत्यारं मोजली होतीस?"

"यादीप्रमाणे बरोबर, अशी सही केली." तो म्हणाला. "फोरमन म्हणाला होता मागाहून, एक कमी आहे. पण सही होऊन गेली होती. मोजणीत निघालं असतं तर प्रोबेशनमध्येच घरी बसवलं असतं मला. मग मी रुजू होण्याआधीच ती नष्ट झाली असं दाखवलं. यादीत आणि इथे."

"मिस्त्रीच का?"

"त्याची चौदा वर्षं स्वच्छ होती. वाटलं, एवढ्या चांगल्या शेऱ्यांत एक वाईट शेरा खपून जाईल. दुसऱ्या कुणाचं रेकॉर्ड इतकं चांगलं नव्हतं." तो रडायला लागला. "तो यादीत येईल हे मला माहीत नव्हतं, मावशी. शपथेवर सांगतो."

बाईंना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली. दोन्ही त्यांनी केलं नाही.

"आज सकाळी तर माहीत झालं ना? तेव्हा तू मला फोरमनकडे पाठवलंस."

 त्याने डोळे पुसले. "तू वजनकाट्याचं सांग ना मंडळाला. नोंद खोटी ठरेल, तो सुटेल. लिहिली कुणी, हे सांगायची काय गरज? जेलर गेलेत. त्यांचंच काहीतरी चुकलं असेल, असं म्हणतील."

"आणि मेलेला माणूस उत्तर द्यायला येणार नाही."

"आईचा विचार कर. मी सोडून कोण आहे तिला?"

हा वार वर्मी बसला. धाकट्या बहिणीने या मुलासाठी काय काय सोसलं होतं, ते बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. क्षणभर त्यांना वाटलं, काटा पुरे आहे. खरंच पुरे आहे. मग त्यांच्यातल्या नियमबाईने मान वर काढली.

"दवाखान्यात आजाऱ्यांचा दुसरा काटा आहे. अध्यक्षांना तो माहीत आहे. पहिला प्रश्न तोच विचारतील, आणि शंका राहिली की प्रकरण दोन वर्षं पुढे." त्या उठल्या. "चार वाजता तू स्वतः ये. स्वतःच्या तोंडाने सांगितलंस तर तेवढं तरी तुझ्या बाजूने लिहिता येईल."

"बघतो," तो म्हणाला.

६

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, मोजकं बोलणारे. बाईंनी फाईल मांडली, फोरमनची वही मांडली, काट्याची हकिगत सांगितली. दाराकडे त्या दर मिनिटाला बघत होत्या. दार उघडत नव्हतं.

"दवाखान्यात काटा आहे," अध्यक्ष म्हणाले. "तिथे तोललं नसेल कशावरून?"

"तिथे फक्त आजाऱ्यांना तोलतात."

"नियमाने. पण इथे सगळं नियमाने चालतं, असं तुम्ही लिहून द्याल?"

बाईंनी मान हलवली. सकाळी लिहून दिलं असतं.

"मग फोरमनची वहीही नियमानेच भरली, असं कसं धरू? आणि जेलरची सही खोटी आहे, असं मी कशाच्या आधारावर मानू? मला वाटतं, हे प्रकरण पुढच्या बैठकीत घ्यावं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

बाईंनी शेवटचं दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर मिस्त्री पहारेकऱ्याशेजारी बसलेला असणार, हात मांडीवर ठेवून. भाचा येणार नव्हता.

"साहेब, एक चूक माझी आहे, ती आधी नोंदवून घ्या," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांचं पेन थांबलं.

बाईंनी सगळं सांगितलं. टाइप करताना घसरलेलं बोट, चाळीस पेपर, दिलेले गुण, झाकून ठेवलेली लाज. शिक्षेला १६४ म्हणणारी माणसं जगात चाळीसच आहेत आणि ती सगळी आपण तयार केली आहेत, हे सांगितलं. जुने जेलर त्यांत नव्हते. ही नोंद त्यांच्या नावाने दुसऱ्याने लिहिली. परीक्षेचे पेपर प्रशिक्षण शाळेत आहेत, मागवून घ्यावेत.

"त्या चाळिसांपैकी इथे कोण आहे?"

"छोटे जेलर. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. दुपारी त्याने माझ्याजवळ कबुली दिली आहे."

  अध्यक्षांनी छोट्या जेलरला बोलावणं पाठवलं. आता तो आला, आणि दोन वाक्यांत सगळं कबूल करून मोकळा झाला.

७

साडेपाचला मिस्त्रीच्या सुटकेची शिफारस सही होऊन बाईंच्या हातात आली. तिच्याखाली आणखी दोन कागद होते. एक छोट्या जेलरांवर सरकारी दस्तऐवजात खोटी नोंद केल्याबद्दल गुन्हा दाखल करण्याचा. दुसरा बाईंकडून खुलासा मागवणारा. तिन्ही कागदांची पोच त्यांनीच लिहिली.

मिस्त्रीला त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. तो बाकावरून उठला, पुन्हा बसला. बराच वेळ तो तळहाताने बाकाची कड चाचपत राहिला.

"कुणी लिहिलं होतं, मॅडम?"

बाईंनी सांगितलं. आपलं नातंही सांगितलं. तो शिव्या देईल, निदान तोंड फिरवील, असं त्यांना वाटलं होतं. त्याने दोन्ही केलं नाही.

"आत जातील का ते?"

"बहुतेक."

"या तुरुंगात नाही ठेवणार. दुसरीकडे नेतील." तो विचार करत म्हणाला. या बाबतीत तो जाणकार होता आणि बाई नवख्या होत्या. "त्यांचा मला राग आला नाही असं नाही. येतोय. पण एक सांगतो. आत गेलं की पहिल्यांदा नाव जातं. नंबराने हाक मारतात. महिनाभराने माणूस स्वतःही नंबरच सांगायला लागतो. तुम्ही भेटायला गेलात की घरातल्या नावाने हाक मारा. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी."

तो पहारेकऱ्याबरोबर निघून गेला. बाई जिना उतरल्या. फाटकालगतच्या खोलीत, पोलिसांची गाडी येईपर्यंत, भाचा खाली मान घालून बसला होता. अंगावरचा पट्टा आणि टोपी काढून घेतली होती. शेजारी दोन शिपाई उभे होते, कालपर्यंत त्याला सलाम ठोकणारे.

कचेरीच्या वेळात कुणाला घरच्या नात्याने हाक मारायची नाही, हा नियम बाईंनी कधीच मोडला नव्हता.

"सोन्या," त्या दारातून म्हणाल्या. शिपायांनी वळून पाहिलं. भाच्याने मान वर केली नाही, म्हणून त्यांनी पुन्हा, आणखी मोठ्याने हाक मारली.